लंडनमधली अलेक्झांड्रा रोड इस्टेट: टूरचा आणि घरांचा रिव्ह्यू

लंडन बघायला आलेल्या ओळखीच्या लोकांना मी हमखास सांगते की बाकी सगळं बघा पण अर्धा दिवस काढून अलेक्झांड्रा रोड इस्टेटला जाऊन या, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिथे काय आहे? तिथे घरं आहेत. काऊन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने बांधलेली, साध्या भाडेकरूंसाठीची ५२० घरं, पांढरट काँक्रीटची, १९७८ मध्ये पूर्ण झालेली, आणि आज त्यांना सरकारी संरक्षण आहे. एवढं सांगितलं की लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, तिथे काय बघायचं, गाईडेड टूर घ्यावी का, आतून घर कसं आहे आणि राहणाऱ्यांना त्यात त्रास काय आहे.

आधी टूरबद्दल. लंडनमध्ये दर सप्टेंबरला ओपन हाऊस नावाचा फेस्टिव्हल असतो, १९९२ पासून चालू आहे, त्यात एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना फुकट बघायला मिळतात. अशा दिवसांत काही वस्त्यांमधले रहिवासी स्वतः लोकांना घेऊन फिरतात. मी गेले होते ती टूर तशीच, फुकट, फक्त नाव आधी नोंदवावं लागलं. आमच्या गाईड बाई तिथेच राहणाऱ्या, वय बरंच असावं पण चालण्यात आम्हाला मागे टाकत होत्या, आणि बोलणं एकदम मोकळं, कुठलं पाठ केलेलं भाषण नाही. मला हे फार आवडलं. आर्किटेक्चरच्या टूरला बऱ्याचदा सगळा वेळ स्टाइल आणि चळवळी यांच्या नावांमध्ये जातो, इथे बाई सांगत होत्या की कपडे कुठे वाळत घालतो, खालच्या मजल्यावरच्यांना आम्ही दिसतो का, शेजारचं ऐकू येतं का. घर कळायला हेच प्रश्न लागतात ना.

टूरमध्ये कमी काय पडलं तर आतल्या घरासाठी दिलेला वेळ. ग्रुप मोठा होता, एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडत होते, त्यामुळे बाहेर उभं राहण्यात वेळ गेला आणि आत गेल्यावर नीट बघेपर्यंत बाहेर पडायची वेळ झाली. ज्यांनी स्वतःचं घर अनोळखी लोकांना उघडून दिलं त्यांच्याबद्दल तक्रार अजिबातच नाही, पण आयोजकांनी छोटे ग्रुप करायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

आता जागा. इस्टेट कॅम्डेन काऊन्सिलच्या हद्दीत आहे, एका टोकाला ॲबी रोड आणि दुसऱ्या टोकाला लाउडन रोड. युस्टन स्टेशनहून ओव्हरग्राउंड, म्हणजे तिथली लोकल ट्रेन पकडली की पहिलंच स्टेशन साउथ हॅम्पस्टेड, बाहेर पडलं की इस्टेट जवळजवळ समोरच. मधून जो पायी चालायचा रस्ता जातो त्याचं नाव रॉली वे, आणि खरी मजा त्या रस्त्यात आहे. गाडी एकही नाही, कारण पार्किंग सगळं खाली, जमिनीच्या पातळीखाली टाकलंय. वर फक्त लालसर विटांची फरसबंदी आणि दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा. रस्ता सरळ नाही, हलका वळलेला आहे, बाजूच्या रेल्वेलाइनच्या वळणाबरोबर. त्यामुळे एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसत नाही, चालत राहावंसं वाटतं, आणि इतकी लांब रांग असूनही कंटाळा येत नाही. हा वळणाचा परिणाम फोटोत कधीच नीट येत नाही, तिथे चालूनच बघायला हवा.

दोन्ही बाजूंची घरं पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत वर जातात. नदीवर दोन्ही काठांना घाट बांधलेला असावा आणि आपण पाण्याच्या जागी उभे असावं, तसं काहीसं. प्रत्येक पायरी म्हणजे कुणाची तरी गच्ची, त्या गच्चीच्या कठड्यात काँक्रीटचीच कुंडी ओतलेली आणि त्यातून वेली खाली लोंबतात. उत्तरेकडची रांग ८ मजली, दक्षिणेकडची ४ मजली. हे उगाच नाही केलेलं. उंच रांग उत्तरेला, तिच्या सगळ्या गच्च्या दक्षिणेला तोंड करून, आणि समोरची रांग बुटकी, म्हणजे तिच्यावरून ऊन येऊन थेट रस्त्यावर आणि समोरच्या गच्च्यांवर पडतं. लंडनमध्ये उन्हाची काय किंमत आहे हे तिथे एक हिवाळा काढलेल्या माणसाला विचारा. ही रचना उलटी केली असती, उंच रांग दक्षिणेला, तर रॉली वे वर्षातला मोठा काळ सावलीत गेला असता.

आणि उंच रांग उत्तरेला असण्याचं दुसरं कारण रेल्वे. युस्टनमधून उत्तरेकडे जाणारी मेन लाइन इस्टेटला अगदी चिकटून जाते, दिवसभर गाड्यांची ये-जा. कुठल्याही बिल्डरला ही जागा वाईटच वाटली असती. इथे आर्किटेक्टने काय केलं तर आख्ख्या ८ मजली रांगेलाच आवाज अडवणारी भिंत केलं. रेल्वेकडची बाजू बघायची असेल तर मागून फिरून या, तिथे गच्च्या नाहीत, खिडक्या कमी आणि छोट्या, आणि काँक्रीट वर जाताना बाहेर झुकत जातं. समोरून एवढी मोकळी ढाकळी दिसणारी इमारत मागून इतकी कडक असेल असं वाटत नाही. पायाखाली रबराचे पॅड बसवलेत म्हणजे गाड्यांची थरथर वर घरात पोचत नाही. मी रॉली वे वर उभी असताना पलीकडून गाडी गेली हे बाईंनी सांगितल्यावर कळलं, एवढा फरक आहे.

हे सगळं ज्याने डोक्यातून काढलं त्याचं नाव नीव्ह ब्राउन. जन्म १९२९, अमेरिकेतला, शिक्षण लंडनमध्ये. कॅम्डेन काऊन्सिल १९६५ मध्ये नव्याने तयार झाली तेव्हा तिचे मुख्य आर्किटेक्ट सिडनी कुक होते आणि त्यांनी तरुण आर्किटेक्टची जी टीम जमवली त्यात हा माणूस. त्या काळात काऊन्सिलची घरं म्हणजे टॉवर, हे जवळजवळ ठरूनच गेलं होतं. कमी जागेत जास्त माणसं बसवायची तर वर जाण्याशिवाय इलाज नाही असं सगळे धरून चालायचे. मग मे १९६८ मध्ये पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली टॉवरमध्ये गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, ४ माणसं गेली, टॉवर तर नुकताच राहायला दिला होता. लोकांचा टॉवरवरचा विश्वास उडाला तो तेव्हापासून. पण ब्राउनचा टॉवरला विरोध त्याच्या आधीपासूनचा होता आणि कारण वेगळं होतं. त्याचं म्हणणं, लंडनमधली जुनी ओळीतली घरं, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली टेरेस घरं, ती लोकांना का आवडतात? कारण प्रत्येकाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार असतं. मग हेच नव्या बांधकामात, नव्या मटेरियलमध्ये, टॉवरइतकीच माणसं बसवून का जमू नये?

त्याने स्वतःला दोन अटी घालून घेतल्या होत्या. प्रत्येक घराचं दार मोकळ्या हवेत उघडलं पाहिजे आणि प्रत्येक घराला डोक्यावर थेट आकाश असलेली स्वतःची बाहेरची जागा पाहिजे. बंद कॉरिडॉर नकोत. ऐकायला सोप्पं वाटतं पण साधारण १६ एकरांत ५२० घरं, १६०० च्या वर माणसं, शिवाय पार्क, शाळा, कम्युनिटी सेंटर असं सगळं बसवून हे करायचं म्हणजे काय डोकेफोड असेल विचार करा. मजले पायऱ्यांसारखे मागे सरकवण्याचं मूळ कारण हेच, खालच्या घराचं छप्पर ती वरच्या घराची गच्ची होते आणि गच्चीवर दुसऱ्या कुणाचा स्लॅब येत नाही. म्हणजे जो आकार बघून लोक फोटो काढतात तो दिसायला छान म्हणून आलेला नाही, त्या दोन अटी पाळता पाळता आलाय.

मी टूरभर दारंच बघत होते खरं सांगायचं तर. रस्त्याच्या पातळीवरची दारं थेट रॉली वे वर उघडतात, वरच्या घरांना मोकळे काँक्रीटचे जिने आहेत, थोड्या थोड्या अंतरावर, प्रत्येक जिन्यावर मोजकीच घरं, आणि सगळ्यात वर लिफ्टने गेलं की मोकळी गॅलरी. आता कोणी म्हणेल जिन्यावरचं दार म्हणजे रस्त्यावरचं दार नव्हे, आणि ते बरोबर आहे, पाचव्या मजल्यावरच्या बाईला रस्त्यावर यायला जिना उतरावाच लागतो. तरी जिना छप्पर-भिंतींनी कोंडलेला नाही, तिथून खाली रस्ता दिसतो, खालून तुम्ही कुणाला दिसता, पाऊस आला तर कळतो. आमच्या गाईड बाई चालता चालता वर बघून हात करत होत्या, कुणीतरी वरून काहीतरी विचारत होतं, या उत्तर देत होत्या. आठ मजल्यांच्या इमारतीत वरच्या माणसाशी रस्त्यावरून बोलता येतं ही गोष्ट मला तरी दुसऱ्या कुठल्या मोठ्या बिल्डिंगमध्ये दिसलेली नाही.

बाहेरचं काँक्रीट रंगवलेलं नाही. लाकडी फळ्यांच्या साच्यात जागेवरच ओतलेलं आहे, फळ्यांच्या रेषा आणि लाकडाचे दाणे त्यावर अजून दिसतात, हात फिरवला तर लागतात. पांढऱ्या सिमेंटचं आहे म्हणून नवीन असताना ते लख्ख दिसत असणार. आज ते तसं नाही, पाण्याचे काळे ओघळ आहेत, काही कोपरे मळलेत, दुरुस्ती केलेली ठिगळं वेगळी दिसतात. ढगाळ दिवशी आणि पावसात हे सगळं खूप उदास दिसतं, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाल आणि मला शिव्या द्याल. उन्हात जा. ऊन असलं की त्याच फळ्यांच्या रेषांवर बारीक सावल्या पडतात, वेलींचा हिरवा रंग उठून दिसतो, आणि मग कळतं की आर्किटेक्टने झाडांना डिझाइनचा भाग का धरलं होतं. ज्या गच्च्यांवर रहिवाशांनी कुंड्या जोपासल्यात आणि ज्यांवर सोडून दिल्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

आता आतलं घर. आम्ही जे बघितलं ते आकाराने फार मोठं नव्हतं पण आत शिरल्यावर मोठं वाटतं, कारण गच्चीच्या बाजूची जवळजवळ पूर्ण रुंदी काचेची आहे, लाकडी फ्रेमच्या मोठ्या खिडक्या आणि दार, त्यामुळे खोली गच्चीपर्यंत सलग वाटते. मध्ये सरकती पार्टिशनं आहेत, दिवसा उघडून टाका, रात्री मुलं झोपली की लावून घ्या. स्वयंपाकघर छोटं पण नीट विचार केलेलं, कपाटं बांधकामाबरोबरच आलेली, उगाच वाया गेलेला कोपरा नाही. मला सगळ्यात बरं वाटलं ते म्हणजे कुठेही काऊन्सिलचं घर आहे म्हणून स्वस्तात उरकलंय असं दिसत नाही. दाराची मूठ असो की जिन्याचा कठडा, कुणीतरी बसून त्याचं ड्रॉइंग केलेलं आहे. भाडं कमी देणाऱ्या माणसालाही चांगलं घर मिळालं पाहिजे हे त्या घरात उभं राहिलं की वाद न घालता पटतं.

गच्चीवर गेले तेव्हा पहिली शंका हीच की इथे कसली प्रायव्हसी, सगळे सगळ्यांना बघत असतील. पण कुंडीची कड रुंद आहे, खाली वाकून बघायचं ठरवलं तरी खालच्या गच्चीवरचा माणूस सहज दिसत नाही, समोरच्या रांगेतले दिसतात पण रस्त्याइतक्या अंतरावरून. बसून चहा प्यायला, दोन खुर्च्या टाकायला, कपडे वाळत घालायला पुरेशी जागा. मोठी पार्टी होणार नाही एवढंच.

घरात रेडिएटर नाहीत हे लक्षात आलं का असं बाईंनी विचारलं, आणि खरंच नव्हते. गरम पाण्याचे पाइप काँक्रीटच्या भिंतींमध्येच ओतलेत, एका ठिकाणाहून सगळ्या इस्टेटला गरम पाणी जातं आणि भिंतीच गरम होतात. कल्पना फार सुंदर आहे, खोलीत एक इंच जागा अडत नाही, उष्णता सगळीकडे सारखी. पण त्रासही तिथेच आहे. रहिवाशाला स्वतःच्या घरापुरतं ते कमी-जास्त करता येत नाही, थंडीत कुणाला उकडतं म्हणून तो खिडकी उघडून ठेवतो आणि कुणाला पुरत नाही. आणि पाइप गळायला लागला तर? तो भिंतीच्या पोटात. भिंत फोडायची तर ती संरक्षित इमारतीची भिंत. हा प्रश्न बाई फार शांतपणे सांगत होत्या पण तो लहान नाही, इतक्या घरांचं हीटिंग बदलायचं म्हणजे प्रचंड खर्च, आणि नवीन पाइप बाहेरून फिरवले तर आतलं सगळं रूप बिघडतं.

संरक्षणाचं थोडं समजून घेतलं पाहिजे कारण त्याशिवाय ही जागा अर्धीच कळते. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारती लिस्ट करतात, तीन दर्जे असतात, ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. अलेक्झांड्रा रोडला १९९३ मध्ये ग्रेड टू स्टार मिळाला, आणि देशातल्या एकूण लिस्टेड इमारतींपैकी जेमतेम ६ टक्केच या दर्जाच्या आहेत. सहसा इमारत किमान ३० वर्षांची झाल्याशिवाय लिस्टिंगचा विचार होत नाही, ही तेव्हा १५ वर्षांची होती. इतक्या लवकर लिस्टिंग फक्त अपवाद म्हणून होतं, इमारत फारच महत्त्वाची असेल आणि तिला धोका असेल तर. धोका होता, काँक्रीटच्या दुरुस्त्या चुकीच्या पद्धतीने होत होत्या आणि इस्टेटचं मूळ रूप जायला लागलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काऊन्सिलच्या वस्त्यांमध्ये लिस्ट झालेली ही पहिली. किल्ले, चर्च, लॉर्ड लोकांचे वाडे यांच्या यादीत भाडेकरूंची वस्ती आली, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

लिस्टिंग म्हणजे काय तर इमारतीचं रूप बदलेल असं कुठलंही काम परवानगीशिवाय करता येत नाही, बाहेरूनच नाही, आतूनसुद्धा, आणि परवानगीशिवाय केलं तर तो गुन्हा आहे. खिडकीची लाकडी फ्रेम कुजली म्हणून शेजारच्या दुकानातून प्लास्टिकची आणून बसवली असं चालत नाही. यामुळेच रॉली वे आजही एकसंध दिसतो, ५२० घरांनी ५२० तऱ्हेच्या खिडक्या लावल्या असत्या तर काय राहिलं असतं. पण त्याची किंमत तिथे राहणारा मोजतो, दुरुस्तीला वेळ लागतो, महाग पडते, आणि पैसे शेवटी काऊन्सिलच्या नाहीतर घरमालकांच्या खिशातून जातात. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना काऊन्सिलचं घर विकत घेता यायला लागलं तशी इथलीही काही घरं खाजगी झालीत. मला विचाराल तर संरक्षण हवंच, पण ज्या सरकारने इमारत देशाच्या वारशात धरली त्याने दुरुस्तीच्या जास्तीच्या खर्चाचा वाटाही उचलायला हवा. आपल्यासारख्या फुकट बघून जाणाऱ्यांच्या आनंदासाठी तिथल्या म्हाताऱ्या माणसाने थंडीत हीटिंगची वाट बघत बसावं हे बरोबर नाही.

आणि ज्याने हे बांधलं त्याचं काय झालं हे ऐकून तर मला फार वाईट वाटलं होतं. काम १९७२ मध्ये सुरू झालं, संपायला १९७८ उजाडलं, मधल्या काळात ब्रिटनमध्ये महागाई अशी भडकली की १९७५ मध्ये दर २४ टक्क्यांच्या वर गेला. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, राजकारण पेटलं, चौकशी बसली. चौकशीत ब्राउनला दोषी धरलं नाही पण ती लांबत गेली आणि व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, त्यानंतर ब्रिटनमध्ये त्याची एकही इमारत उभी राहिली नाही. पुढे त्याने नेदरलँड्समध्ये काम केलं. २०१८ चं ब्रिटिश आर्किटेक्ट संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल त्याला जाहीर झालं तेव्हा तो ८८ वर्षांचा होता आणि आजारी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो गेला. तोपर्यंत ब्रिटनमध्ये त्याने केलेली तिन्ही वस्त्यांची कामं लिस्टेड झाली होती. एखाद्याचं सगळंच काम देशाने जपायला घ्यावं आणि त्याच माणसाला चाळीस वर्षं काम देऊ नये, हे कसं झालं असेल हा विचार डोक्यातून जात नाही.

पार्क विसरू नका. बरेच लोक रॉली वे चा फोटो काढून निघून जातात आणि चार मजली रांगेच्या पलीकडचा पार्क बघतच नाहीत. जॅनेट जॅक या लँडस्केप आर्किटेक्टने केलाय, साधारण ४ एकर, लांबट जागा, तिचे वेगवेगळ्या पातळ्यांवर छोटे छोटे भाग पाडलेत, एकात खेळायची जागा, एकात नुसतं गवत, एकात दाट झाडी. एका भागातून दुसरा दिसत नाही, त्यामुळे लहान मुलांना तो खूप मोठा वाटत असणार. मधल्या काळात त्याची पार दुर्दशा झाली होती, रहिवाशांनी मागे लागून, नॅशनल लॉटरीतून अशा कामांना जो निधी मिळतो त्यातून पैसे मिळवून तो पुन्हा उभा केला. मी गेले तेव्हा मुलं खेळत होती, दोन आज्या बाकावर, आणि वरच्या गच्च्यांवरून कोणी ना कोणी मुलांवर लक्ष ठेवून. पार्कच्या पलीकडे दक्षिणेला तिसरी रांग आहे, ती तुलनेने साधी, तिथे मी फार रेंगाळले नाही.

खालचं पार्किंग मात्र मला आवडलं नाही. अंधारं, कोंदट, एकटीने जावंसं वाटणार नाही असं. वर गाड्या नसण्याचं सुख ज्यामुळे मिळालं त्याच जागेची ही अवस्था आहे, उजेड आणि जरा माणसांचा वावर तिथे आणायला हवा. आणि ज्यांना जिने जमत नाहीत त्यांच्यासाठी ही इस्टेट अवघड आहे, लिफ्ट सगळ्या घरांच्या दारापर्यंत नेत नाही आणि काही घरांच्या आतही जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी टूरला जाण्याआधी आयोजकांना विचारून घ्या.

कुणी जावं? आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी तर नक्कीच, त्यांनी जाण्याआधी इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, बघून ठेवा, प्लॅनपेक्षा सेक्शनमध्ये सगळी गंमत आहे. पण हाऊसिंगमध्ये काम करणाऱ्यांनी, सोसायटीच्या कमिटीवरच्या लोकांनी, घर घ्यायच्या विचारात असणाऱ्या कुणीही जावं असं मला वाटतं, दार कुठे उघडतं, ऊन कुठून येतं, शेजारी कसा भेटतो हे प्रश्न विचारायची सवय लागते. झगमगाट बघायला जाणाऱ्यांची निराशा होईल, तिथे कॅफे नाही, तिकीट खिडकी नाही, दुकान नाही.

टूर नसेल तरी रॉली वे वरून चालायला कुणी अडवत नाही, लोकांचा रोजचा रस्ताच आहे तो. पण लोक तिथे राहतात हे लक्षात असू द्या. जिने चढून वर जाऊ नका, खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नका, मुलांचे फोटो तर अजिबात नको. माझ्या समोर एक जण मोठा कॅमेरा घेऊन थेट एका गच्चीवर नेम धरून उभा होता आणि वरची बाई पडदा ओढून आत गेली, मला लाज वाटली.

माझा स्कोअर विचाराल तर टूरला ५ पैकी ४, गाईडला पूर्ण ५. इस्टेटला आर्किटेक्चर म्हणून ५ आणि आजच्या देखभालीला ३, त्यातला एक मार्क पार्कमुळे.

वेळ उरला तर त्याच दिवशी ब्राउनचीच डनबॉइन रोडवरची वस्ती जोडून बघता येते, हॅम्पस्टेड हीथ स्टेशनच्या जवळ. आधीची आणि खूप लहान आहे, ७१ घरं, २०१० मध्ये लिस्ट झालेली, आणि शेवटची काही वर्षं तो स्वतः तिथेच राहायचा. मी दोन्ही एका दिवसात बघितलं, आणि क्रम उलटा ठेवायला हवा असं वाटलं, आधी डनबॉइन रोड आणि मग अलेक्झांड्रा रोड, म्हणजे ७१ घरांत जमलेली गोष्ट ५२० घरांत नेताना त्याने काय काय बदललं ते समोरासमोर दिसतं. सकाळी लवकर निघा, दुपारच्या उन्हात रॉली वे वर पोचायला हवं.